सगळ्यांसाठी म्हणजे नेमकं कोणासाठी?

मित्रमैत्रिणींनो, समजा उद्या तुमच्या गावाला किंवा वॉर्डाला एक लाख रुपये मिळाले आणि कोणी तुम्हाला विचारलं, "सांगा पाहू, मुलांसाठी काय करायचं?" तर तुम्ही काय सांगाल?

क्रिकेटचं पिच? झोके आणि घसरगुंडी? की गोष्टींच्या पुस्तकांनी भरलेली वाचनखोली?

उत्तर काहीही असू दे. पुढचा प्रश्न मात्र सगळ्यांना सारखाच आहे, आणि तो जरा अवघड आहे. तिथे कोण येईल? आणि कोण येणार नाही?

"त्यात काय? सगळ्यांसाठीच खुलं ठेवू की!" असं तुम्ही चटकन म्हणाल. पण दार उघडं ठेवलं म्हणजे सगळे आत येतात असं नसतं. सार्वजनिक पैसा मागताना ही गोष्ट अर्जातच कशी लिहायची, ते आज आपण पाहू. अर्ज लिहिणं हे काही फक्त मोठ्या माणसांचं काम नाही, बरं का!

हा पैसा कुणाचा?

आधी पैसा येतो कुठून ते पाहू. तुमच्या घरी घरपट्टी आणि पाणीपट्टीची पावती येते ना? एकदा आईबाबांकडून मागून नीट पाहा. तो पैसा ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नात जातो. शिवाय वित्त आयोगाच्या शिफारशीप्रमाणे केंद्र सरकारकडून ग्रामपंचायतींना निधी येतो. कोणतं काम करायचं याचा आराखडा दर वर्षी गावाने तयार करायचा असतो. महाराष्ट्रात २०१५-१६ पासून या कामाला 'आमचं गाव, आमचा विकास' असं नाव मिळालं.

आता एक गंमत पाहा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणासाठी, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. म्हणजे गावाचं स्वतःचं उत्पन्न वर्षाला ४ लाख रुपये असेल, तर ४० हजार महिला-बालकल्याणाचे, ६० हजार मागासवर्गीयांच्या कामाचे आणि २० हजार दिव्यांगांच्या कामाचे. हिशेब सोपा आहे. पण तो मागावा लागतो!

शहरातल्या वाचकांनी हिरमुसायचं कारण नाही. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांकडून कामांच्या सूचना मागवायला सुरुवात केली. फॉर्म भरायचा, आपल्या भागात काय हवं ते लिहायचं. पदपथ, बाक, दिवे अशी पाच लाख रुपयांपर्यंतची कामं लोकांनी त्यातून सुचवली. तुमच्या शहरात अशी सोय असो वा नसो, आपल्या नगरसेवकाला आणि वॉर्ड ऑफिसला पत्र लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

म्हणजे हा पैसा सरपंचांचा नाही, नगरसेवकांचा नाही आणि अर्ज करणाऱ्या चार हुशार मुलांचाही नाही. तो सगळ्यांचा आहे. म्हणूनच तो मागताना 'सगळे' म्हणजे कोण हे पाहावंच लागतं.

कागदावर ठराव, पण पाणी नाही

इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही महाडच्या चवदार तळ्याविषयी वाचलं असेल. त्या गोष्टीचा अलीकडचा भाग मात्र पुष्कळांना ठाऊक नसतो.

सन १९२३. मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला. सरकारी पैशाने बांधलेल्या आणि सांभाळलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांनाही खुल्या असाव्यात, असा तो ठराव होता. तो मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये आपलं तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला.

झालं की मग! आता सगळे पाणी भरू लागले असतील?

छे! तळं कागदावर खुलं होतं. प्रत्यक्षात तिथे जायची कुणाची हिंमत नव्हती, कारण जाणाऱ्याला मार बसेल ही भीती होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना बरोबर घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतर लोकांवर हल्ले झाले, प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला तो १९३७ मध्ये. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षं!

पुढे आपल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमात हे स्पष्टच लिहिलं गेलं. सरकारी पैशातून चालणाऱ्या विहिरी, तलाव, रस्ते, सार्वजनिक जागा वापरायला धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणालाही अडवता येत नाही.

या गोष्टीतून आपल्या एक लाख रुपयांसाठी काय घ्यायचं? हेच, की "सर्वांना खुले" अशी पाटी लावणं हे काम अर्धंच आहे. पाटी लावल्यावर कोण आलं आणि कोण नाही, हे पाहणं हे उरलेलं अर्धं.

मोजा, म्हणजे कळेल

ऑस्ट्रिया देशाची राजधानी व्हिएन्ना. तिथे १९९० च्या दशकात अभ्यासकांनी बागांमध्ये कोण खेळतं याची पाहणी केली. लहान मुलं-मुली दोघंही येत होती. पण साधारण नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागेतून भराभर कमी होत होत्या. मुलगे मात्र येतच होते.

मुलींना कुणी "येऊ नका" म्हटलं होतं का? मुळीच नाही. बाग सगळ्यांना खुली होती! पण मधल्या मोठ्या मोकळ्या जागेवर बॉल खेळणाऱ्या मुलग्यांचा ताबा असे. जागेसाठी भांडायचं, नाहीतर कडेला उभं राहायचं. मुलींनी काय केलं? त्या यायच्याच बंद झाल्या.

मग १९९९ मध्ये शहराने दोन बागा नव्या पद्धतीने आखल्या. एका मोठ्या मैदानाऐवजी वेगवेगळे भाग केले. व्हॉलीबॉल, बॅडमिंटनसाठी जागा केली, पायवाटा सुधारल्या. मुली पुन्हा दिसू लागल्या. आणि मुलग्यांना हाकललं का? नाही. त्यांच्यासाठीही जागा राहिलीच. फक्त सगळी जागा त्यांची राहिली नाही.

आता तुमच्या मैदानावर या. संध्याकाळी साडेपाच वाजता वही-पेन घेऊन एका कडेला बसा. किती मुलगे, किती मुली? सातवीच्या पुढच्या मुली किती? कोणत्या वस्तीतली, कोणत्या पाड्यावरची मुलं आहेत? कोण खेळतंय आणि कोण नुसतं बघतंय? चार-पाच दिवस असं मोजा. तुमच्या अर्जातला सर्वांत भक्कम पुरावा हाच असेल. "आमच्या गावात मुली खेळत नाहीत हो, त्यांना आवडत नाही," असं कोणी म्हणालं, तर तुम्ही विचारू शकाल, "त्यांना कोणी विचारलं का?"

आणि खरंच विचारा. एखादी म्हणेल, संध्याकाळी पाणी भरायचं असतं. दुसरी म्हणेल, परतताना रस्त्यावर दिवा नसतो, म्हणून घरचे पाठवत नाहीत. तिसरी म्हणेल, तिथे बाथरूम नाही. पाहा, आता तुमच्या अर्जात नवीन बॅटऐवजी एक रस्त्यावरचा दिवा येऊ शकतो! खेळाच्या अर्जात दिवा? हो, त्याच दिव्यामुळे दहा मुली मैदानावर येणार असतील तर तोही खेळाचंच साहित्य समजा.

एका पायरीचं गणित

समजा, तुम्ही वाचनखोली मागितली. समाजमंदिराची खोली ठरली. दारापुढे तीन पायऱ्या आहेत, प्रत्येकी सहा इंचाची. तुम्ही त्या दोन उड्यांत चढता. पण व्हीलचेअरवरच्या मित्राला त्या तीन पायऱ्या म्हणजे तीन भिंतीच!

मग उतार, म्हणजे रॅम्प बांधायचा. कसाही नाही, बरं का. नियम असा, की एक फूट उंची चढायची तर उतार किमान बारा फूट लांब हवा. आपल्या तीन पायऱ्या मिळून अठरा इंच, म्हणजे दीड फूट. दीड गुणिले बारा? अठरा फूट. पुष्कळ ठिकाणी पाच-सहा फुटांचा कडक चढ करून "झाला रॅम्प" म्हणतात. त्यावरून खुर्ची चढत तर नाहीच, उलट मागे घसरते. टेप घ्या आणि तुमच्या शाळेतला रॅम्प आजच मोजून पाहा. दोन्ही बाजूंना धरायला कठडा आहे का? दार साधारण ९० सेंटिमीटर रुंद आहे का? की रॅम्पच्या तोंडाशीच कुणाची मोटरसायकल उभी आहे?

अशा रॅम्पचा उपयोग फक्त खुर्चीवरच्या मुलाला होतो असंही नाही. काठी टेकत येणारी आजी, कडेवर बाळ घेतलेली ताई, पाय प्लास्टरमध्ये असलेला तुमचाच भाऊ, सगळे त्याच उतारावरून येतात.

आणि दिव्यांग म्हणजे फक्त खुर्ची नव्हे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. त्यात कमी दिसणं, ऐकू न येणं, ऑटिझम, थॅलेसेमिया आणि सिकल सेलचा आजारही आहे. सिकल सेल असलेली मुलं विदर्भात आणि आदिवासी भागात पुष्कळ आहेत. ती बाहेरून अगदी धडधाकट दिसतात, पण उन्हात दमलं किंवा अंगातलं पाणी कमी झालं, की त्यांना भयंकर दुखू शकतं. त्यांच्यासाठी काय लागेल? सावलीत एक बाक आणि प्यायचं पाणी. खर्च किती? फारसा नाहीच. पण कुणाच्या तरी लक्षात यायला हवं ना!

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. हे सगळं अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरायचं. "आधी खोली बांधू, पैसे उरले तर रॅम्प करू" असं म्हटलं की पैसे कधीच उरत नाहीत. आधीच धरलेला रॅम्प स्वस्त पडतो. नंतर फोडाफोड करून केलेला महाग पडतो.

जे गावातच नव्हते, त्यांचं काय?

आता जरा अवघड प्रश्न. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या भागांतून हजारो कुटुंबं ऊसतोडीला निघतात. काही मुलं आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापाबरोबर फडावर जातात. परत येतात ती उन्हाळ्यात. पुढच्या वर्षाच्या आराखड्यासाठीच्या सभा साधारण कधी सुरू होतात? ऑक्टोबरपासून. म्हणजे गावाने काय मागायचं हे ठरतं, नेमकं तेव्हा ही मुलं आणि त्यांचे आईबाबा गावात नसतात!

त्यांना कुणी मुद्दाम वगळलेलं नसतं, पण तारखेमुळे ते वगळले जातात. उपाय? अगदी साधा. ती निघण्याआधी, म्हणजे सप्टेंबरमध्येच त्यांच्याशी बोला. त्यांना काय हवं ते लिहून घ्या आणि सभेत वाचून दाखवा.

अशा न दिसणाऱ्या भिंती आणखी पुष्कळ असतात. वाचनखोली सकाळी १० ते ५ उघडी, आणि शाळाही १० ते ५! मग वाचणार कोण? पुस्तकं सगळी पुस्तकी मराठीत, आणि पाड्यावरची चिमुकली घरी बोलतात कोरकू, गोंडी किंवा पावरी. त्यांच्यासाठी निदान भरपूर चित्रांची पुस्तकं हवीत, आणि त्यांच्या आजीने त्यांच्या भाषेत सांगितलेल्या गोष्टी लिहून ठेवलेली एक वही हवी. महिन्याला फक्त वीस रुपये वर्गणी. पण एका घरात तीन भावंडं असतील तर ते साठ होतात. खोली देवळाच्या आवारात. मग दुसऱ्या धर्माच्या मुलांना तिथे यायला संकोच वाटेल का? खोली मुख्य गावठाणात. मग दोन किलोमीटरवरच्या वाडीला काय? पुस्तकांची एक पेटी आठवड्यातून एकदा वाडीवर नेता येईल का?

सगळ्या प्रश्नांची उत्तरं एक लाखात बसणार नाहीत. दिवा की जास्त पुस्तकं, रॅम्प की नवे झोके, असं निवडावं लागेल. तुमच्यात वादही होईल. होऊ द्या! पण निवडताना एक कसोटी लावा. जे आधीपासून येताहेत त्यांना आणखी सोय करून द्यायची, की जे येऊच शकत नाहीत त्यांच्यासाठी वाट करायची?

ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहराने १९८९ मध्ये लोकांना बोलावून अंदाजपत्रक ठरवायला सुरुवात केली. तिथेही हीच कसोटी होती. ज्या वस्तीत सोयी कमी, तिला वाटपात जास्त वजन. सगळ्यांना सारखं वाटणं आणि सगळ्यांना न्याय देणं यांत फरक आहे, तो असा.

मुलांचं कोण ऐकतं?

"आम्हाला मतच नाही, आमचं कोण ऐकणार?" असं वाटतंय ना? मग हे वाचा.

अमेरिकेतल्या बोस्टन शहराने २०१४ मध्ये दहा लाख डॉलर बाजूला काढले आणि ते कशावर खर्च करायचे हे १२ ते २५ वर्षांच्या मुला-तरुणांनी मतदान करून ठरवलं. त्यांनी बागेची दुरुस्ती निवडली, शाळांसाठी लॅपटॉप निवडले, चित्रं काढायला भिंती निवडल्या.

तेवढं लांब कशाला? आपल्या शेजारच्या कर्नाटकात १९९० च्या दशकात मुलांच्या पंचायती, म्हणजे 'मक्कळ पंचायत' सुरू झाल्या. २००६ मध्ये तिथल्या सरकारने ग्रामपंचायतींना मुलांच्या खास ग्रामसभा घ्यायला सांगितलं. आणि संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार, जो भारताने १९९२ मध्ये मान्य केला, त्यात तर लिहिलंच आहे, की मुलांशी संबंधित गोष्टींत त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं.

महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. तुम्हाला मतदान करता येत नसलं, तरी बालसभा भरवून तिचं निवेदन देता येतं, आणि आई-आजीमार्फत महिला सभेत विषयही मांडता येतो. आईला सांगा, "या वेळी तू जायचंच!"

अर्ज असा लिहा

अर्ज फार लांब नको. दीड-दोन पानं पुरे. साधारण असा:

"मा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांस,

विषय: मुलांच्या वाचनखोलीसाठी निधी मिळणेबाबत.

महोदय, आम्ही इयत्ता सहावी ते नववीची मुले-मुली. आम्ही पाच दिवस पाहणी केली. सध्याच्या खोलीत रोज सरासरी … मुलगे व … मुली येतात. … वाडीवरून एकही मूल येत नाही. न येणाऱ्यांना आम्ही कारणे विचारली. ती अशी: …

म्हणून आमची मागणी: १) अठरा फुटांचा रॅम्प व कठडा, २) रस्त्यावर एक दिवा, ३) संध्याकाळी ५ ते ७ खोली उघडी ठेवणे, ४) पुस्तके व वाडीसाठी फिरती पेटी. प्रत्येक कामाचा अंदाजे खर्च सोबत जोडला आहे.

सहा महिन्यांनी आम्ही पुन्हा मोजणी करू व कोण येऊ लागले हे ग्रामसभेत सांगू."

शेवटची ओळ गाळू नका! काम झाल्यावर पुन्हा मोजायचं, हेच तर महाडच्या ठरावानंतर कुणी केलं नव्हतं.

अर्जात कुठल्याही मुलाचं नाव, त्याचा आजार किंवा जात लिहू नका. "दोन दिव्यांग मुले" एवढं पुरे. आणि त्या मुलांना आधी विचारा, त्यांना बरोबर घ्या. त्यांच्यासाठी काय हवं हे त्यांच्यापेक्षा जास्त कोणाला कळणार? कदाचित त्यांना रॅम्पपेक्षाही आधी एखादा मित्र हवा असेल.

अर्जाच्या दोन प्रती करा. एक ग्रामपंचायतीत द्या, दुसरीवर तारीख, सही आणि शिक्का घ्या. याला 'पोच' म्हणतात. ती जपून ठेवा. उद्या कुणी म्हणालं "असा अर्ज आलाच नाही," तर पोच दाखवता येते.

आईबाबांसाठी दोन शब्द

मुलांनी मोजणी सुरू केली की घरात नको ते प्रश्न येतील. "आपण त्या वस्तीत का जात नाही?" "दादाला सात वाजेपर्यंत बाहेर खेळू देता, मग मला का नाही?" कृपया त्यांना गप्प करू नका. मैदानावर कोण येतं हे काही अंशी पंचायत ठरवते आणि बरंचसं आपल्या घरात ठरतं. मुलांबरोबर एकदा ग्रामसभेला जा. त्यांच्यासाठी बोलू नका, त्यांच्या शेजारी बसा.

या रविवारी करून पाहा

● तीन-चार मित्रमैत्रिणींचा गट करा. त्यात मुलगे, मुली, वेगवेगळ्या वस्तीतली मुलं असू द्या.
● मैदान, वाचनालय किंवा बाग यांपैकी एक जागा निवडा आणि एक तास मोजणी करा.
● तिथे कधीच न दिसणाऱ्या एका मुलाला किंवा मुलीला जाऊन विचारा, "तू का येत नाहीस?" उत्तर मध्ये न बोलता ऐका.
● शाळेतला रॅम्प टेपने मोजा. उंची गुणिले बारा. लांबी पुरते का?
● पुढची ग्रामसभा किंवा वॉर्डाची सभा कधी आहे ते सूचना फलकावर पाहून वहीत लिहून ठेवा.

एवढं झालं, की अर्धा अर्ज लिहून झाला म्हणून समजा!